मुलांच्या खाऊचे खोके
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांची कर्तव्ये, विवाहातील खर्च, वसतिगृहाची आवश्यकता असे विषय मांडले जावेत ही आपली जुनी वहिवाट आहे. त्या पंक्तीत खाऊचे खोके हा विषय बसतो काय, अशी शंका काही वडीलधाऱ्यांच्या मनात आली असल्यास ती गैर म्हणता येणार नाही. परंतु माझा जन्म पुठ्ठ्याची खोकी करण्यात गेला आहे. मनुष्याने ज्यात तीस वर्षे घालविली त्याविषयी त्याने बोलावे हे बरे; इतर विषयांवर बोलणारे विद्वान आपल्यात पुष्कळ आहेत.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. पुढील वर्षीच्या बालमेळाव्यात मुलांस खाऊ कशातून द्यावा, या प्रश्नावर कार्यकारी मंडळापुढे दोन सूचना आल्या आहेत. देणगीदारांची नावे आणि मंडळाचे बोधचिन्ह छापलेले गुळगुळीत, चकचकीत खोके करावे, ही एक. प्रत्येक मुलास स्टीलचा डबा भेट द्यावा, म्हणजे कचरा व्हावयाचा नाही, ही दुसरी. दोन्ही सूचना चांगल्या हेतूने आलेल्या आहेत. तरीही माझे मत दोन्हींस प्रतिकूल आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

मेळाव्याची सायंकाळ आठवून पाहा. चारशे मुले आणि चारशे खोकी. खोके हाती पडल्यापासून ते मांडवाच्या कडेला जाऊन पडेपर्यंत फार तर पाऊण तास जातो. लाडवाचा चुरा, केळ्याचे साल, वड्याच्या तेलाने भिजलेला पुठ्ठा, चिवड्याची चांदीच्या रंगाची पुडी, फळांच्या रसाची पेटी आणि तिची नळी, अशा पाचसहा जिनसांचा एक चिखल होतो आणि तो दुसऱ्या दिवशी झाडलोट करणाऱ्या बायांच्या वाट्यास येतो. यातील प्रत्येक जिन्नस वेगळा व कोरडा राहता तर बहुतेकांस कोणी ना कोणी गिऱ्हाईक होते. एकत्र कालवला गेल्यामुळे तो कोणाच्याच कामाचा राहत नाही. आजकालच्या मुलांस शिस्त नाही, असे आपण अशा वेळी म्हणतो. मला मात्र तेथे मुलांपेक्षा खोके करणाराचा दोष अधिक दिसतो. खोके कोठे जाऊन पडणार हे बहुतेक वेळा ते कागदावर आखले जाते तेव्हाच ठरलेले असते.

पुडी, खोके, डबा, बाटली या सर्वांस मिळून मी येथे वेष्टन हा एकच शब्द वापरतो. अन्न संपल्यावर वेष्टनास तीन सद्गती संभवतात. ते घरात राहून दुसऱ्या कामास लागावे. किंवा जेथून आले तेथे परत जाऊन पुन्हा भरले जावे. किंवा ते मोडून त्याच्या मूळ द्रव्यातून नवी वस्तू घडावी. पहिल्या दोहोंस पुनर्वापर म्हणतात, तिसरीस पुनर्निर्मिती. अलीकडे ही दोन्ही नावे एका श्वासात घेण्याचा प्रघात पडला आहे, आणि त्यामुळे असा समज होतो की एकच वेष्टन तिन्ही वाटांनी जाऊ शकेल. तसे सहसा होत नाही. जे घरी ठेवावेसे वाटते ते परत येत नाही, आणि परत येण्याइतके दणकट केलेले सहज मोडत नाही. म्हणून पहिली रेघ ओढण्यापूर्वी ठरवावयाचे ते हे की, हे ठेवावयाचे, परत यावयाचे, की मोडावयाचे?

ठेवावयाच्या वेष्टनात आपल्या आया-आज्यांची बरोबरी कोण करील? बाळाच्या दुधाच्या भुकटीचे डबे आठवा. ग्लॅक्सोचा डबा, लॅक्टोजेनचा डबा, अमूलस्प्रेचा डबा. ज्या बाळासाठी तो घरात आला ते बाळ बोहल्यावर चढले तरी डबा फडताळात मोहरी नाहीतर हळद सांभाळीत उभा असे. हॉर्लिक्सच्या काचेच्या बाटलीत लोणचे मुरत असे, आणि डालडाचा डबा गंजून निकामी झाल्यावर त्यात तुळस लागे. यासाठी कोणास उपदेश करावा लागला नाही. या डब्यांचा खरा गुण त्यांच्या झाकणात होता. चमच्याच्या दांड्याने उचकटावे लागणारे ते दाबाचे झाकण पुन्हा तितकेच घट्ट बसे, आणि म्हणून मुंगीला व दमट हवेला आत शिरकाव नसे. माझ्या धंद्यात मी जे पाहिले त्यावरून सांगतो की, वेष्टन घरात टिकते ते द्रव्याच्या मजबुतीपेक्षा ते पुन्हा बंद होते की नाही यावर.

याचे एक उदाहरण मुलांच्याच खाऊतील आहे. इटलीतील फेरेरो कंपनीने १९७४ साली किंडर सरप्राइज नावाचे चॉकलेटचे अंडे काढले. त्याच्या पोटात एक प्लॅस्टिकची कुपी आणि कुपीत खेळणे असते. कुपी पुन्हा मिटते, म्हणून युरोपात मुले तीत मणी, टाचण्या, बिया ठेवतात. त्याच कंपनीचा किंडर जॉय हा खाऊ आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा आहे आणि तो बारामतीच्या कारखान्यातही तयार होतो. त्याचे अंडे म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन अर्ध्या करवंट्या, वर पातळ पापुद्र्याने बंद केलेल्या. पापुद्रा एकदा सोलला की ते अंडे मिटत नाही. द्रव्य तेच, आकारही जवळजवळ तोच. एक खणात जाते, दुसरे केरात.

वेष्टन मुद्दाम पुनर्वापरासाठी आखल्याचेही जुने उदाहरण आहे, आणि ते जरा चमत्कारिक आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील तंबाखूचे काही कारखानदार आपला माल वेताच्या करंडीची नक्षी छापलेल्या, वर धरावयास कडी असलेल्या पत्र्याच्या पेटीतून विकू लागले. तंबाखू संपली की ती पेटी मुलाचा शाळेचा डबा व्हावी, अशी योजना होती, आणि तशी ती होतही असे. तंबाखूच्या पेटीतून लेकराची भाकरी जावी हे आपल्यास रुचणार नाही. आखणी म्हणून मात्र ती अचूक होती. पुढे १९३५ साली मिकी माउसचे चित्र असलेला डबा निघाला, आणि १९५० साली अलॅडिन कंपनीने हॉपअलाँग कॅसिडी या पडद्यावरील वीराचे चित्र डब्यावर लावले, तेव्हा पहिल्या वर्षातच सहा लाख डबे खपले. येथे गोष्ट उलटली. दुसऱ्या वर्षी दुसरा वीर लोकप्रिय झाला की मुलास नवा डबा हवा. पत्रा शाबूत असे, चित्र शिळे झालेले असे. खोक्यावर देणगीदारांची नावे आणि सालाचा आकडा छापावा असे म्हणणाऱ्यांनी या डब्यांचा विचार करावा. पुढील वर्षी ते खोके कोणी कशास जवळ ठेवील?

मुलांच्या जेवणाचे वेष्टन म्हटले की आज ज्याचे नाव प्रथम निघते ते मॅक्डोनल्डचे हॅपी मील. ही दुकाने आपल्या देशात १९९६ साली, दिल्लीत व मुंबईस वांद्र्यात, सुरू झाली. खोके मात्र त्यापूर्वीचे आहे. ग्वाटेमालात योलांदा फर्नांदेझ दे कोफिन्यो या बाईंनी आपल्या दुकानात मुलांसाठी लहान जेवण वेगळे काढावयास आरंभ केला होता. कॅन्सस सिटीचे जाहिरात-व्यावसायिक बॉब बर्नस्टीन यांनी पाहिले की आपला मुलगा न्याहारी करताना समोरच्या खोक्यावरील मजकूर वाचीत बसतो. त्यांनी जेवणाच्या डब्याच्या आकाराचे, कंपनीच्या पिवळ्या कमानींचीच कडी केलेले पुठ्ठ्याचे खोके आखले आणि त्याच्या बाजूंवर कोडी, विनोद व चित्रे घातली. १९७९ साली सर्कशीच्या गाडीचे रूप घेऊन ते अमेरिकेत सर्वत्र गेले. आमच्या धंद्यातील मनुष्य म्हणून मला ते खोके आवडते. एकाच पुठ्ठ्याचे, गोंद थोडा, आणि खोके हेच वाचावयाचे व खेळावयाचे साधन.

परंतु आतील लहानसे खेळणे हळूहळू खोक्याहून मोठे झाले. पहिल्या वर्षी ते खोडरबर, आकृत्या काढावयाची पट्टी असे काहीबाही असे. १९९७ साली कापडी प्राण्यांची एक माळ खेळण्यांत आली तेव्हा मोठी माणसे ती जमविण्यासाठी डझनावारी जेवणे विकत घेऊ लागली, आणि खेळणी काढून घेऊन अन्न टाकून देऊ लागली. अन्नासाठी वेष्टन, वेष्टनास शोभा म्हणून खेळणे, या क्रमाची इतकी पूर्ण उलथापालथ क्वचितच झाली असेल. पुढे ओघ फिरला. ब्रिटनमध्ये प्लॅस्टिकची खेळणी नकोत असा अर्ज दोन लहान बहिणींनी केला आणि त्यास लाखो सह्या मिळाल्या. २०१९ साली बर्गर किंग कंपनीने त्या देशातील आपल्या दुकानांत अशी खेळणी देणे बंद केले. त्यामुळे वर्षास ३२० टन प्लॅस्टिक वाचेल असा तिचा अंदाज होता. २०२१ साली मॅक्डोनल्डनेही खनिज तेलापासून केलेले नवे प्लॅस्टिक आपल्या खेळण्यांतून २०२५ अखेर ९० टक्क्यांनी कमी करण्याचे जाहीर केले. फ्रान्समध्ये तर १ जानेवारी २०२२ पासून मुलांच्या जेवणासोबत प्लॅस्टिकचे खेळणे फुकट देण्यास कायद्यानेच बंदी आहे.

त्याच कायद्याचा पुढचा भाग आपल्या दुसऱ्या वाटेचा, म्हणजे परत येणाऱ्या वेष्टनाचा आहे. १ जानेवारी २०२३ पासून वीस वा अधिक आसनांच्या उपाहारगृहात बसून खाणाऱ्यास अन्न धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या भांड्यातच द्यावे लागते. मॅक्डोनल्डने बटाट्याच्या फोडींसाठी पूर्वीच्या कागदी पाकिटाच्या रूपाचा लाल रंगाचा पक्का पेला केला. तो इतका देखणा उतरला की काही गिऱ्हाइकांनी तो खिशात घालून घरी नेला, आणि काही पेले विक्रीसही निघाले. जो पेला परत यावयाचा होता, त्यास ठेवावयाच्या वस्तूचे रूप दिले गेले होते. परत यावयाचे भांडे साधे असावे. ते घरी नेण्याचा मोह होता कामा नये.

आपल्यास हे शिकण्यासाठी फ्रान्सला जावयाचे कारण नाही. मुंबईकर वडीलधाऱ्यांना आरे दुधाच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील. केंद्रावर रिकामी बाटली दिल्याविना भरलेली मिळत नसे. वरची पातळ पत्र्याची टोपी मुले जमवीत, बाटली मात्र कोणी जमवीत नसे. मग प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि परत करण्याजोगे हाती काही राहिले नाही. २३ मार्च २०१८ च्या महाराष्ट्र शासनाच्या अधिसूचनेत दुधाची पिशवी परत करणारास पन्नास पैसे देण्याची योजना होती. ती रुजली नाही. पन्नास पैशांसाठी पिशवी धुऊन, वाळवून दुकानात नेणारा मनुष्य आज विरळा. आरेच्या बाटलीमागे पैशाचा लोभ मुख्य नव्हता. आजची बाटली न दिल्यास उद्या सकाळी चहास दूध नाही, हा नियम मुख्य होता.

मुंबईचे डबेवाले हा त्याच विद्येचा थोर नमुना होय. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेल्या या धंद्यात डबा नेण्याइतकेच डबा परत आणणे हे काम आहे, आणि झाकणावरील खुणांनी तो त्याच दिवशी आपल्या घरी पोचतो. आपल्या घरोघरीच्या भांड्यांवर कोरलेली नावेदेखील दुसरे काय सांगतात? 'चि. सौ. कां. अमुक हिच्या विवाहाप्रीत्यर्थ' असे वाटीच्या काठावर लिहिलेले असले की ती वाटी गावभर फिरून घरी येते. शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये हा आपल्या बायकांचा रिवाज म्हणजे तर परतीच्या वाटेवरही भरलेले वेष्टन. असे चातुर्य कोणत्याही कायद्यात मला आढळले नाही.

आणखी एक. देशातील सरकारी शाळांत मुलांस दुपारचे शिजवलेले अन्न देण्याची जी योजना १९९५ साली सुरू झाली, आणि जिला २०२१ पासून पंतप्रधान पोषण म्हणतात, तिच्या कक्षेत अकरा कोटींहून अधिक मुले धरलेली आहेत. एवढे मोठे बालभोजन, आणि वेष्टन जवळजवळ नाही! मोठ्या पातेल्यातून मुलाच्या ताटात; ताट शाळेचे, नाहीतर घरून आणलेला डबा. आपण चारशे मुलांसाठी चिंता करीत आहोत.

तिसरी वाट मोडण्याची. या वाटेचे खरे परीक्षक रद्दीवाला, भंगारवाला आणि रस्त्यावर कागद-काच वेचणाऱ्या भगिनी हे होत. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली स्थापन झाली आणि तिच्यातून निघालेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा वेगळा करून नेते. या बाया काय उचलतात आणि काय पडू देतात, हे खोके करणाराने पाहावे. कोरडा पुठ्ठा उचलतात, बाटली उचलतात, चिवड्याची चकचकीत पुडी पडू देतात. रिकामी पुडी तीनचार ग्रॅमांची. किलोभर होण्यास अडीचशे-तीनशे वेचाव्या लागतात, आणि वेचल्या तरी निरनिराळ्या पापुद्र्यांचे ते थर सुटे होत नसल्याने घेणारा सहसा मिळत नाही. खोक्याच्या कोपऱ्यात पुनर्निर्मितीची तीन बाणांची खूण छापल्याने यात काडीचा फरक पडत नाही. ज्यास भाव आहे ते उचलले जाते.

फळांच्या रसाच्या पेट्या या दोहोंच्या मध्ये आहेत. फ्रूटी १९८५ साली आली तेव्हापासून त्या मुलांच्या हाती आहेत. त्या पेटीत सुमारे पाऊण भाग कागद, उरलेल्यात बहुतांशी प्लॅस्टिक आणि थोडे ॲल्युमिनियम असते. कारखान्यात कागद सुटा करता येतो. उरलेले दाबून फळ्या होतात, आणि मुंबईत गोळा केलेल्या पेट्यांपासून शाळेची बाके केल्याचे उदाहरण आहे. परंतु पेटी तेथवर पोचली पाहिजे. जपानातील अनेक शाळांत मुले दुधाची पेटी पिऊन झाल्यावर विसळीत, कात्रीने उलगडीत, वाळत घालीत आणि गठ्ठा बांधून देत. उलगडलेली पेटी पाहिली की तीत दूध होते हे मुलास विसरावयास होते. तो कागद वाटू लागतो. ही लहान गोष्ट नव्हे. माझ्या खोक्याची कल्पना मी तिच्यावरूनच उचलली.

मध्ये एक सावधगिरीची सूचना करतो, कारण उत्साहाच्या भरात तिचा विसर पडतो. मुलाचे पोट हे प्रयोगाचे स्थान नव्हे. रद्दीच्या कागदात भेळ-भजी बांधणे हा पुनर्वापरच होता. परंतु छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये तेलात उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास मनाई केली आहे, आणि वेष्टनाची छापील बाजू अन्नास लागू नये असेही म्हटले आहे. जुन्या रद्दीपासून केलेल्या पुठ्ठ्यातही शाईतील तेलांचा अंश राहू शकतो. मग पुठ्ठ्यास आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवावा, तर तो पुठ्ठा रद्दीत नीट जात नाही. यावर आपल्याकडे तोडगा आहे आणि तो फार जुना आहे: द्रोण. अन्न पानाच्या द्रोणात, द्रोण खोक्यात. पुठ्ठा कोरडा राहतो, मूल सुरक्षित राहते, द्रोण खताच्या खड्ड्यात जातो. केळे तर निसर्गाने वेष्टनासह पाठविले आहे; ते पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आता आपल्यापुढील दोन सूचनांविषयी. चकचकीत खोक्यावर जो प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवितात त्याने नावे उठून दिसतात, परंतु पुठ्ठ्याचा रद्दीतील भाव जातो. देणगीदारांची नावे फलकावर लावावीत. ती तेथे अधिक काळ वाचली जातील. स्टीलच्या डब्याविषयी बोलणे अवघड आहे, कारण स्टीलविषयी आपल्या मनात भक्ती आहे. पण प्रत्येकाने आपल्या घरचा माळा आठवावा. बारसे, मुंज, वास्तुशांत, हळदीकुंकू यांत आलेले किती डबे तेथे कागदात गुंडाळलेले पडून आहेत? पोलादासाठी खनिज खाणीतून काढावे लागते, भट्टीत वितळवावे लागते. जो डबा रोज वापरला जातो तो आपली किंमत फेडतो. माळ्यावर पडलेला डबा एकदा वापरून टाकलेल्या कागदापेक्षाही महाग पडतो. घरात ठेवण्याची वाट आपल्या घरांतून आता भरून गेली आहे.

म्हणून मी म्हणतो की, आपल्या ज्ञातीची भांडी पुन्हा उभी करावीत. गावोगावच्या ज्ञातींची, पंचांची अशी भांडी असत. लग्नकार्यास पातेली, पराती, ओगराळी, ताटे मोजून न्यावयाची आणि घासून, मोजून परत आणावयाची. वाडपी आले, कंत्राटी जेवणे आली, आणि ती व्यवस्था गेली. ती मोडणाऱ्यांस मी नावे ठेवीत नाही. मोडीचा पैसा अनेक ठिकाणी शिष्यवृत्त्यांस लागला. परंतु बालमेळाव्यापुरत्या चारशे साध्या, बिननक्षीच्या ताटल्या व तितक्याच वाट्या मंडळाने घेतल्या तर त्या पुढील पंचवीस वर्षे पुरतील. पाठीमागे मंडळाचे नाव व क्रमांक कोरावा. पुढे काही नको. घासण्यास पाणी व हात लागतील हे मी विसरलो नाही. आधी खरकटे निपटून, मग दोन घंगाळांत विसळून काम केले तर पाणी थोडे पुरते, आणि आपल्या युवक शाखेस व्याख्याने ऐकण्याखेरीज एखादे काम मिळेल.

आणि ताटल्या परत कशा येतील? त्यासाठी आरेच्या बाटलीचा नियम मुलांच्या मापाचा करून घ्यावा. पेढा ताटलीत वाढू नये. रिकामी ताटली घेऊन जे मूल मोरीपाशी येईल त्याच्या हातावर तो ठेवावा. चारशे ताटल्यांपैकी किती येतात ते चिटणीसांनी मोजावे. मला वाटते, एखादे मूल दुसऱ्याची ताटलीही घेऊन येईल. त्यास दुसरा पेढा देण्यास हरकत नसावी.

बाहेरगावच्या मुलांस खाऊ बरोबर द्यावा लागतो, त्यांच्यासाठी मात्र खोके हवे, आणि ते मोडावयाच्या वाटेचे हवे. ते मी करून आणले आहे. एकच तपकिरी पुठ्ठा, गोंद नाही, टाचणी नाही. घड्या एकमेकींत अडकतात. वर पापुद्रा नाही. आत दोन द्रोण बसतात. लाडू, चिवडा व केळे यांस ते पुरे, वडा मात्र वगळावा लागेल, तो तेल सोडल्यावाचून राहत नाही. छपाई एका रंगाची व फक्त बाहेरून. चारही बाजूंवर सह्याद्रीतील किल्ल्यांच्या नकाशाचे तुकडे आहेत, आणि खोके उभे असताना ते जुळत नाहीत. सपाट उलगडले तरच वाटा एकमेकींस मिळतात. प्रत्येक बाजूस एक कोडे आहे. उलगडलेला पुठ्ठा मुलाने भिंतीस लावला तरी चांगले. लावला नाही तर तो सपाट, कोरडा व एकजिनसी असल्यामुळे रद्दीवाला निमूटपणे घेईल. दर खोक्यास खर्च चकचकीत खोक्याहून कमी येतो, हे खजिनदारांच्या माहितीसाठी.

नमुन्याची बारा खोकी दाराजवळच्या मेजावर ठेविली आहेत. वडीलधाऱ्यांनी ती जरूर पाहावीत, पण मत मुलांचे घ्यावे. कोड्यांची उत्तरे तळाच्या आतल्या घडीवर आहेत आणि खोके पूर्ण उलगडल्याशिवाय ती दिसत नाहीत. हे मात्र मुलांस कोणी सांगू नये.